धंद्यातल्या स्पर्धकांबरोबर मिळून मशीन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा मशिनिंगचा छोटा कारखाना आहे, तेच काम करणाऱ्या आणखी तिघांनी "मिळून एक महागडं मशीन घेऊ, पुढे नवीन कामंही एकत्र करू" असा विषय काढलाय, आणि आपलं गिऱ्हाईक, आपल्या खुब्या त्यांच्या हाती लागतील अशी तुम्हाला धास्ती आहे. स्पर्धकांमध्ये असं सहकार्य खरंच चालतं, की ते सेमिनारमध्ये बोलण्यापुरतंच?

चालतं. मी २०१६ पासून करतोय. पण पहिल्या दोन वर्षांत आमचं जवळपास मोडलंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं वर्कशॉप नाशिकला, अंबड एमआयडीसीत, एक्सलो पॉइंटच्या आतल्या बाजूला. तीन व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), चौदा माणसं. स्विचगिअरचे आणि गाड्यांचे बारके पार्ट करतो. २०१६ साली एका गिऱ्हाइकाने अट घातली की नवीन पार्टच्या पहिल्या लॉटबरोबर सीएमएमचा रिपोर्ट पाहिजे. (इतर वाचकांसाठी: ग्रॅनाइटच्या ओट्यावर पार्ट ठेवायचा आणि टोकाला माणकाचा बारीक मणी बसवलेल्या काडीने त्याला जागोजागी टेकवत मापं घ्यायची, ते हे मशीन.) तोपर्यंत आम्ही पार्ट घेऊन बाहेर मोजायला जायचो. तासाला हजार-बाराशे रुपये, आणि नंबर लागायचा दोन दिवसांनी. तोवर इकडे मशीनवरचं सेटिंग तसंच अडकून पडायचं. माप चुकलेलं निघालं की पुन्हा सेटिंग, पुन्हा रांग. स्वतःचं मशीन घ्यायचं तर एसी खोलीसकट तीस लाखांच्या घरात जात होतं, आणि माझ्या एकट्याच्या कामावर ते दिवसातून दीड तास चाललं असतं.

एसी खोली ही चैन नव्हे, हे आधीच सांगतो, कारण आमच्यातल्या एकाने तिथेच काटकसर सुचवली होती. मापाचं जगभरचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरचा पार्ट एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ३५ अंशांवर असेल, तर तो २० अंशांच्या मानाने सतरा मायक्रॉनने मोठा असतो. आमच्या ड्रॉइंगवर मापात चालणारी सूट (टॉलरन्स) वीस मायक्रॉनची. गरम पार्ट तसाच टेबलावर ठेवला तर चांगला माल रिजेक्ट व्हायचा, किंवा रिजेक्ट माल पास होऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायचा. म्हणून पार्ट आदल्या रात्री खोलीत आणून ठेवावे लागतात.

बाकीच्या तिघांची ओळख झाली तीही त्या मोजायच्या ठिकाणीच. बाहेरच्या बाकावर, मांडीवर कापडात गुंडाळलेले पार्ट घेऊन बसलेले असताना. त्यातल्या दोघांना तर माझ्याच इन्क्वायऱ्या यायच्या. एकच ड्रॉइंग, एकच परचेसवाला. आमच्या इस्टेटीत सगळा कारभार 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असा. शेजारच्याने नवीन मशीन उतरवलं तर ते ताडपत्री टाकून उतरवतो. त्यामुळे "आपण मिळून घेऊ" हे पहिल्यांदा कोण बोललं यावर आजही आमचे वाद होतात. मी बोललो, असं मी म्हणतो.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढली, चौघांचा समान हिस्सा. मशीन कोणतं घ्यायचं हे आठवड्यात ठरलं. ठेवायचं कुणाच्या शेडमध्ये, यात तीन महिने गेले. प्रत्येकाकडे जागा होती आणि प्रत्येकाला ते स्वतःकडेच हवं होतं. खर्च वाचतो असं तोंडाने म्हणायचं आणि मनात वेगळंच, की दुसऱ्याचे पार्ट आपल्याला दिसतील. शेवटी चौघांपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक वेगळा गाळा भाड्याने घेतला. महिन्याचं भाडं जास्तीचं डोक्यावर बसलं. आज विचाराल तर सगळ्यात चांगला खर्च झालेला पैसा तोच.

आता मोडता मोडता वाचलो ते सांगतो.

माझा एक पातळ भिंतीचा अॅल्युमिनियमचा पार्ट होता. मशीनच्या नेहमीच्या जबड्यात धरला की दाबला जाऊन अंडाकृती व्हायचा. आम्ही दीड महिना खपून त्याच्यासाठी मऊ जबडे आणि आतून फुगून आधार देणारं एक फिक्श्चर (पार्ट धरून ठेवायची पकड) बनवलं होतं. एकदा घाईत माझ्या पोराने पार्ट फिक्श्चरसकट सीएमएमवर नेला. (पोरगा म्हणजे ऑपरेटर, माझा मुलगा नव्हे.) त्याच वेळी दुसऱ्या भागीदाराचा माणूस त्याचे पार्ट ठेवायला आलेला. दोन महिन्यांनी त्या पार्टची अर्धी ऑर्डर त्या भागीदाराकडे गेली, माझ्यापेक्षा कमी दराने. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहा महिने आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मशीनच्या हप्त्याचा चेक तेवढा वेळेवर टाकायचो.

त्याने फिक्श्चर चोरलं का? तेव्हा माझी खात्री होती. आज नाही. गिऱ्हाइकाला दुसरा व्हेंडर हवाच होता, हे मला नंतर कळलं. आणि आतून फुगणारा आधार काही माझा शोध नव्हे, टूलिंगच्या कॅटलॉगमध्ये तसे सापडतात. पण मला तसं वाटलं, एवढ्यावरच आमचं तीस लाखांचं मशीन आणि चौघांचा संबंध बंद पडायला आला होता. म्हणून तुम्हाला एक सांगतो. "आमचा एकमेकांवर विश्वास आहे" या पायावर काही उभारू नका. विश्वास नसतानाही चालेल अशी व्यवस्था आधी लावा.

आमची व्यवस्था अशी झाली. खोलीत चौघांपैकी कुणाचाही माणूस मशीनला हात लावत नाही. डिप्लोमा झालेली एक मुलगी एलएलपीच्या पगारावर ठेवली, तिला चौघांपैकी एकटा कुणी कामावरून काढू शकत नाही. वेळा ठरलेल्या, दोन कंपन्यांच्या वेळांमध्ये अर्धा तास रिकामा. पार्ट बंद क्रेटमध्ये यायचा, फिक्श्चर आलं तर त्यावर कापड. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो, त्यावर ती मास्किंग टेप लावते आणि मगच कागद टेबलावर पसरते. मोजायचा प्रोग्राम ज्याचा त्याने आपल्या पेनड्राइव्हमध्ये न्यायचा. एकदा मीच सहज विचारलं, "सकाळी कुणाचं होतं गं, पितळेचं?" तिने रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, "काका, तुमचे बोअर आठ मायक्रॉनने मोठे येतायत, ते बघा आधी." त्या दिवशी मला पटलं की हे चालणार.

दुसरी गोष्ट दरांची. ही नीट वाचा, कारण इथे घसरलात तर प्रकरण आपसातल्या भांडणावर थांबत नाही.

गाळ्याबाहेर चहाची टपरी आहे. एकदा तिथे दोघं जण बोलता बोलता कळलं की परचेसवाल्याने मला "समोरचा दोन रुपये कमी देतोय" सांगितलं होतं आणि समोरच्यालाही तेच सांगितलं होतं. दोघांनीही घाबरून कमी केले होते. डोकं असं तापलं! लगेच एकजण म्हणाला, आता यापुढे आपसात ठरवूनच कोटेशन टाकू. आमच्यातले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी चहा अर्धा टाकला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या सीएला घेऊन आले. सीएने सांगितलं ते असं: स्पर्धा कायदा, २००२, कलम ३. एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून दर ठरवणं, उत्पादन रोखून धरणं, गिऱ्हाइकं किंवा इलाके वाटून घेणं, टेंडरमध्ये संगनमत करणं, हे बाजाराला मारक आहे असं कायदा गृहीतच धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर. २०१२ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता तो याच कलमाखाली. पुढे प्रकरण अपिलात गेलं. मात्र त्याच कलमात संयुक्त उपक्रमाला वाटही ठेवली आहे: त्यातून उत्पादन, पुरवठा, साठवण वगैरेंची कार्यक्षमता वाढत असेल तर हे गृहीतक त्याला लागू होत नाही. म्हणजे मिळून मोजमापाचं मशीन घ्या, खुशाल घ्या. मिळून दर ठरवाल तर मोठ्यांचं जे झालं तेच लहान प्रमाणात तुमचं.

तेव्हापासून खोलीच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय: "रेट, ऑर्डर, पेमेंट – बाहेर पण नाही." 'बाहेर पण नाही' हे अण्णांनी पेनाने नंतर वाढवलंय.

मग तुम्ही विचाराल, दर बोलायचे नाहीत, पार्ट दाखवायचे नाहीत, तर सहकार्य उरलं कशात? नावीन्य कुठे आलं? मलाही दोन वर्षं हेच वाटायचं. आमची मजल एका सामाईक मशीनच्या पुढे गेली नव्हती. पुढे गेलो ते रिजेक्शनमुळे.

आमचे तिघांचे पोलादी पिन केस हार्डनिंगच्या हीट ट्रीटमेंटला एकाच ठिकाणी जायचे. केस हार्डनिंगमध्ये पार्ट ९०० अंशांच्या वर तापवून कातडीत कार्बन मुरवतात आणि तेलात बुडवून गार करतात. परत आलेले पिन तीस-चाळीस मायक्रॉन वाकलेले निघायचे. मला वाटायचं माझं टर्निंग चुकतंय. दुसऱ्याला वाटायचं त्याचा बार वाईट आलाय. तिसऱ्याने तर नवीन ग्राइंडर घ्यायचं ठरवलं होतं. प्रत्येकजण आपलं दुखणं लपवून बसलेला, कारण रिजेक्शन किती हे कळलं तर मार्केटमध्ये नाव जातं. मोजणाऱ्या मुलीला मात्र तिघांचेही पिन दिसत होते. ती कुणाचं काही सांगणार नव्हती. तिने चौघांनाही एकच चिठ्ठी पाठवली: "लांब पिन असतील त्यांनी हीट ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजून घ्यावे."

मोजले. आधी सरळ, नंतर वाकडे, तिघांचेही. मग आम्ही तिघं आपापल्या भंगाराच्या पेट्या घेऊन एकत्र बसलो. वाकडे पिन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वाक दाखवणारा डायल लावून फिरवत होतो, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, कामगार बोनस घेऊन घरी गेलेले. वाक सगळ्यांचा मधोमध. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलो तर बास्केटमध्ये पिन आडवे, एकावर एक रचलेले. तापल्यावर वजनाने मध्ये झोल पडायचा आणि तेलात एका अंगाने आधी गार व्हायचे. एकट्या माझ्या चाळीस किलोंच्या लॉटसाठी त्याने बास्केट बदलली नसती. आधी एकदा बोललो होतो तर "सगळ्यांचे असेच जातात" म्हणाला होता. तिघांचा माल मिळून त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. उभे टांगायची जाळी करायला त्याने खर्च अर्धा मागितला, आम्ही दिला. वाक दहा-बारा मायक्रॉनवर आला. ग्राइंडिंगला ठेवतो तो जास्तीचा माल आम्ही कमी केला, सायकल टाइम (एका पिनला लागणारा वेळ) घटला, आणि पुढे लांब पिनची जी कामं नाशिकबाहेर जायची त्यांची इन्क्वायरी आम्हाला यायला लागली. ती चौघांत कुणाला मिळाली हे विचारू नका, मला एकच मिळाली.

हे मोठ्यांच्याही बाबतीत असंच झालंय. १९८७ मध्ये जपानी चिप कंपन्यांपुढे मागे पडतोय म्हणून अमेरिकेतल्या १४ कंपन्यांनी सेमाटेक नावाची संस्था काढली. इंटेल, आयबीएम, मोटोरोला, एएमडी, सगळे एकमेकांचे स्पर्धक. सरकारही पाच वर्षं दरसाल दहा कोटी डॉलर देणार. आधी बेत होता की चिप बनवायची प्रक्रिया एकमेकांना दाखवायची. कुणी दाखवायला तयार होईना! मग त्यांनी मोर्चा वळवला तो सगळ्यांना मशीन पुरवणाऱ्यांकडे. त्यांचा दर्जा एकत्र सुधारायचा. तिथे जमलं. आमचा हीट ट्रीटमेंटवाला म्हणजे तेच, फक्त डॉलर नव्हते. आपल्याकडेही भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २००७ मध्ये टॉवरसाठी एकत्र कंपनी काढली आणि सिमकार्डं मात्र एकमेकांविरुद्ध विकत राहिल्या. कोणत्याही बँकेचं कार्ड कोणत्याही एटीएममध्ये चालतं, त्यामागेही एकमेकांच्या ठेवी पळवणाऱ्या बँकाच आहेत.

पण नाशिकमध्ये राहून मी सेमाटेकचं कौतुक करतोय हे मामांनी वाचलं तर हसतील. त्यांची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतच्या बाजूला. शेतकऱ्यांना हे आमच्याआधी कळलंय. द्राक्ष बागायतदार संघ १९६० चा. छाटणीनंतर काय मारलं, डोळे किती फुटले, मण्यांची फुगवण कशी केली, हे मामा शेजारच्याला बागेत हिंडवून दाखवतात, आणि तोच शेजारी मार्चमध्ये त्याच व्यापाऱ्याला माल देणार असतो. मी लहानपणी विचारायचो, याला का दाखवता? म्हणायचे, त्याच्या बागेत डाउनी (वेलींवरचा बुरशीचा रोग) आला तर वाऱ्याने माझ्याकडे यायला किती वेळ लागतो?

आणि २०१० चा हंगाम. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. हे वाढरोधक, आपल्याकडे सगळे सीसीसी म्हणतात. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनरच्या कंटेनर अडकले. ज्याने सीसीसी वापरलं नव्हतं त्याच्या मालाकडेही तिकडे कुणी बघेना. त्या एका हंगामात जिल्ह्यातल्या प्रत्येक निर्यातदाराला कळलं की युरोपच्या दुकानात आपलं वेगळं नाव नाही, सगळ्यांचं नाव एकच. पुढच्या वर्षांत मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहून मोठी झाली, आणि आरासारख्या परदेशी पेटंट असलेल्या द्राक्षजाती आणायचे हक्क अशा एकत्र आलेल्या शेतकऱ्यांना मिळाले. दोन एकरवाल्या एकट्याशी परदेशातली पैदासकार कंपनी करार करायला बसली असती का? नवीन जात हवी तर हजारो एकर एका सहीमागे लागतात. मामांची अजून थॉम्पसन ही जुनी जातच आहे, ते काही तिथले सभासद नाहीत, पण दर हंगामात त्यांच्या तारखा बघूनच आपली छाटणी ठरवतात.

सरकारी योजनांबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राची क्लस्टर विकास योजना आहे, सामाईक सुविधा केंद्राला त्यात मोठं अनुदान मिळतं. आमच्या अंबडलाच नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, तिथे चाचण्यांची सोय आहे, आम्ही अजूनही काही तपासण्यांना तिकडे जातो. मोठं काही करायचं तर ही वाट चांगली. पण सभासद बरेच लागतात आणि कागद त्याहून जास्त. चौघांच्या एका मशीनसाठी मी त्या फंदात पडलो नसतो.

आता तुमच्याकडे येतो. मशीन घ्या, पण एकाच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कुणी, कोणत्या किमतीला घ्यायचा हे पहिल्याच कागदावर लिहा. आमचं ते लिहिलेलं नव्हतं आणि भांडणात सगळ्यात जास्त त्याचीच उणीव भासली. ज्या कामामुळे गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं ते सामाईक करू नका. ज्याचे गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देत नाही आणि जे नसलं तर माल परत पाठवतं, ते करा: मोजमाप, चाचणी, हीट ट्रीटमेंट, वेल्डरचं प्रशिक्षण, कचऱ्याची विल्हेवाट. आणि त्या तिघांना मागच्या महिन्याचं रिजेक्शन आणायला सांगा, स्वतःचंही न्या. आकडा नको, पेटीच. जो आणणार नाही, त्याच्याबरोबर हप्ता भरायला बसू नका.

मशीन सीएमएमच असेल तर अजून एक. त्याची सरकणारी अंगं हवेच्या पातळ थरावर तरंगतात, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा कोरडी लागते. चांगला ड्रायर पहिल्या दिवशी लावा. आम्ही चौघांनीही तो खर्च दुसऱ्याने सुचवावा म्हणून वाट पाहिली, आणि पहिल्याच जुलैत पाणी आत जाऊन मशीन अडीच आठवडे बंद होतं.